मागचे दाखवणारे हेल्मेट: घ्यावे की नाही, आणि घेतल्यास कसे पारखावे

दुचाकी चालवताना मागे काय चालले आहे हे कळण्यासाठी चालकाजवळ तीन साधने असतात: आरसे, कान आणि मान वळवून टाकलेली नजर. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज भरू लागला की कानांचा उपयोग कमी होतो, आरशाचा बराचसा भाग आपल्याच कोपराने आणि खांद्याने अडवलेला असतो, आणि मान वळवून मागे पाहावे तर तेवढा वेळ समोरचा रस्ता नजरेआड होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. या १७ मीटरांत पुढच्या वाहनाने ब्रेक दाबला, तर मागे पाहून मिळवलेली माहिती आपल्या काहीच कामाची उरत नाही. मागचे दृश्य थेट डोळ्यांसमोर आणणाऱ्या हेल्मेटांचे आकर्षण या अडचणीतून निर्माण झाले आहे, आणि अडचण खरी असल्यामुळे त्यांचा विचारही गांभीर्यानेच करायला हवा.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. असे हेल्मेट बहुसंख्य चालकांना आवश्यक नाही. ज्यांची मान पुरेशी वळत नाही, किंवा जे रोज जलद रहदारीत सतत लेन बदलतात, त्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र ते आधी हेल्मेट म्हणून उत्तम असले पाहिजे आणि आरशांच्या जोडीला वापरले पाहिजे, त्यांच्याऐवजी नव्हे. हे मत कोणी माझ्या शब्दावर स्वीकारण्याचे कारण नाही. पुढे दिलेल्या चाचण्या प्रत्येकाला स्वतः करता येतात, आणि त्यांतल्या पहिल्या चाचणीला तर नवे हेल्मेटही लागत नाही.

दोन जातींची हेल्मेटे

या हेल्मेटांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गुणदोषांची यादी पूर्णपणे वेगळी आहे. पहिला प्रकार निव्वळ आरशांचा. हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक खिडकी असते, तिथून आलेला प्रकाश कवचाच्या आत डोक्यावरून बसवलेल्या परावर्तक पृष्ठभागांवरून वळत वळत पुढे येतो आणि कपाळाच्या वर, काचेच्या वरच्या कडेजवळ, मागचे दृश्य दिसते. रीव्हू या ब्रिटिश कंपनीचे एमएसएक्स१ हे या प्रकारातले सर्वांत परिचित हेल्मेट. त्यात बॅटरी नाही, वायर नाही, पडदा नाही, त्यामुळे चार्जिंग संपण्याचा किंवा चित्र अडकण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या प्रकारात हेल्मेटच्या पाठीमागे कॅमेरा आणि डोळ्यासमोर छोटा पडदा असतो. स्कली एआर-१ या हेल्मेटने ही कल्पना जगभर पोहोचवली. २०१४ मध्ये इंडिगोगो या लोकवर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळावरून लोकांनी त्यासाठी सुमारे २४ लाख डॉलर आगाऊ दिले, २०१६ मध्ये कंपनी बंद पडली, आणि पैसे भरलेल्या हजारो लोकांच्या हाती हेल्मेट कधी आलेच नाही. त्यानंतर जपानच्या क्रॉसहेल्मेटसारख्या हेल्मेटांनी हाच मार्ग धरला. कॅमेऱ्याचा मोठा फायदा म्हणजे दृश्याची रुंदी. आरशांच्या मार्गाने येणारे दृश्य बहुतेक थेट पाठीमागचे असते, तर कॅमेरा १७० ते १८० अंशांपर्यंतचा पट्टा टिपू शकतो. हा फरक किती महत्त्वाचा आहे हे पुढे खडूच्या रेघांच्या चाचणीत स्पष्ट होईल.

धोका येतो कुठून

कोणतेही सुरक्षा साधन घेण्यापूर्वी ते कोणत्या धोक्यावर काम करते हे विचारावे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला एक निष्कर्ष या विषयाच्या मुळाशी जातो: तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका चालकाच्या समोर, सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आतच होता. पुढे युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा मेड्स नावाचा अभ्यास झाला. त्यातही अपघातापूर्वीचा धोका सुमारे ९० टक्के वेळा चालकाच्या पुढच्याच बाजूला आढळला. चौकात आडवी वळणारी गाडी, गल्लीतून अचानक बाहेर आलेले वाहन, पुढच्या गाडीने लावलेला करकचून ब्रेक हे दुचाकीस्वाराचे मुख्य शत्रू आहेत, आणि मागचा कॅमेरा यांपैकी एकही दाखवत नाही.

यावरून मागचे दृश्य निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. समोरच्या धोक्यातून सुटण्यासाठी बाजूला सरकायचे असेल, तर बाजूची जागा मोकळी आहे का हे आधीच माहीत असावे लागते, आणि ते ऐनवेळी मागे पाहून कळत नाही. सिग्नलला रांगेत शेवटचे उभे असताना मागून येणारे वाहन थांबणार आहे की नाही, हे वेळीच दिसले तर जीव वाचू शकतो. लेन बदलताना आणि वळताना तर ही माहिती लागतेच. म्हणजे मागच्या दृश्याचा उपयोग मोजक्या प्रसंगी आहे, पण त्या प्रसंगी तो मोठा आहे. उरलेल्या सगळ्या वेळी त्या दृश्याने समोरची नजर किंचितही हलवली, तर हिशेब तोट्यात जातो. या साधनाकडे पाहताना हा हिशेब सतत डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिली चाचणी: खडू, मदतनीस आणि आपले सध्याचे आरसे

गाडी सपाट, बंद आणि रहदारी नसलेल्या जागेत मधल्या स्टँडवर उभी करावी. मधला स्टँड नसेल तर कोणाला तरी ती सरळ धरायला सांगावी, कारण बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीतून आरशांची दिशा चुकीची दिसते. नेहमीचे जॅकेट, हातमोजे आणि हेल्मेट घालून, चालवताना बसतो तसे बसावे. साध्या कपड्यांत, पाठ ताठ करून लावलेले आरसे प्रत्यक्ष चालवताना दुसरेच काही दाखवतात.

आता आरसे जुळवावेत. आरशाच्या आतल्या कडेला आपल्या खांद्याची किंवा कोपराची फक्त एक चीर दिसावी, तीही केवळ दिशा कळण्यापुरती. क्षितिज आरशाच्या साधारण मध्यावर यावे. पुष्कळ चालकांच्या आरशाचा तिसरा हिस्सा स्वतःच्या बाहीने भरलेला असतो आणि वर्षानुवर्षे त्यांना ते खटकत नाही. काच फिरवूनही पुरेसे बाहेरचे दिसत नसेल तर आरशाचा दांडा सैल करून बाहेर वळवावा. काही गाड्यांत एका बाजूच्या आरशाचे आटे उलटे असतात, त्यामुळे नट फिरत नसेल तर जोर लावण्याआधी दिशा तपासावी. तरीही कोपर आड येत असेल, तर आरसा बाहेर सरकवणारे जोडदांडे मिळतात.

यानंतर मदतनिसाला गाडीच्या मागे १५ पावलांवर, शेजारच्या लेनमधून चालल्यासारखे, म्हणजे आपल्यापासून बाजूला साधारण तीन मीटर अंतर राखून, हळूहळू पुढे यायला सांगावे. आरशात तो दिसतोय तोवर गप्प राहावे. आरशातून तो नाहीसा होईल त्या क्षणी हात वर करावा आणि त्याने पायाशी खडूने रेघ मारावी. मग नजर सरळ समोर ठेवून, आरसा न पाहता, तो डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवेल तेव्हा दुसरी रेघ. या दोन रेघांमधली जमीन म्हणजे आपला ब्लाइंड स्पॉट. दुसऱ्या बाजूलाही असेच करावे, कारण दोन्ही बाजूंची रेघ क्वचितच सारखी येते.

मी ही चाचणी पहिल्यांदा केली तेव्हा दोन रेघांमध्ये चार पावलांचे अंतर निघाले. एक आख्खी दुचाकी त्या अंतरात मावली असती, आणि मी कित्येक वर्षे तसाच लेन बदलत होतो. आरसे नीट लावल्यावर ते अंतर दीड पावलावर आले. उरलेले दीड पाऊल खांद्यावरून टाकलेल्या एका नजरेत दिसत होते, त्यासाठी मान पूर्ण मागे वळवावी लागत नव्हती, हनुवटी खांद्याकडे नेणे पुरत होते. ब्रिटनमध्ये दुचाकी शिकवताना या नजरेला ‘लाइफसेव्हर’ म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे.

ज्यांचे अंतर असे कमी झाले आणि मानही व्यवस्थित वळते, त्यांची गरज बहुतेक इथेच भागते. ज्यांच्या रेघा कितीही प्रयत्न केला तरी दूरच राहतात, किंवा हनुवटी खांद्यापर्यंत नेताना मान आखडते, दुखते, चक्कर येते, त्यांनी पुढे वाचावे.

आधी हेल्मेट, मग कॅमेरा

हेल्मेटच्या आत थर्माकोलच्या जातीचा जो जाड थर असतो, तो धडकेच्या वेळी स्वतः चिरडला जाऊन डोक्यावरच्या आघाताचा वेळ वाढवतो आणि त्याचा जोर कमी करतो. कवच फक्त आघात पसरवते आणि टोकदार वस्तू अडवते. खरे काम आतल्या थराचे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या अंदाजानुसार हेल्मेट दुचाकीचालकाचा मृत्यू टाळण्यात सुमारे ३७ टक्के परिणामकारक असते, आणि अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असे नोंदवले आहे. ही सारी किमया त्या दोन-चार सेंटिमीटर जाडीच्या थराची. त्यामुळे त्या थरात कॅमेरा, बॅटरी, वायरी किंवा परावर्तक बसवण्यासाठी जागा कोरलेली असेल, तर ती कुठे आणि किती कोरली आहे हा पहिला प्रश्न ठरतो.

अमेरिकेचे एफएमव्हीएसएस २१८ हे हेल्मेटांचे मानक या बाबतीत स्पष्ट आहे: कवचाच्या आतल्या बाजूला कोणतीही कठीण वस्तू पुढे आलेली नसावी, आणि बाहेरच्या बाजूला आवश्यक असलेला कठीण भाग ५ मिलिमीटरपेक्षा अधिक उंच नसावा. याच मानकात मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला किमान १०५ अंश दिसले पाहिजे अशीही अट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय मानकाची ईसीई २२.०६ ही आवृत्ती जानेवारी २०२१ पासून लागू झाली. तिरकस धडकेत डोक्याला बसणाऱ्या पिळाची चाचणी तिच्यात आहे आणि हेल्मेटवर बसवायच्या जोडसाधनांचाही विचार तिने केला आहे. खरेदीपूर्वी प्रमाणपत्राचा शिक्का हनुवटीच्या पट्ट्यावर किंवा कवचावर प्रत्यक्ष पाहावा, आणि विक्रेत्याला नेमके विचारावे: हे प्रमाणपत्र कॅमेरा व बॅटरी बसवलेल्या, रस्त्यावर वापरायच्या स्थितीतल्या हेल्मेटचे आहे ना? उत्तर गोलमोल आले तर तिथेच थांबावे. आगाऊ पैसे भरून ‘प्रमाणपत्र लवकरच येईल’ या आश्वासनावर तर हेल्मेट कधीच मागवू नये.

बसण्याची चाचणी नेहमीचीच, पण इथे ती अधिक काटेकोरपणे करावी, कारण अशी हेल्मेटे फार थोड्या आकारांत बनतात. गाल किंचित दाबले जावेत, हेल्मेट हाताने धरून डावी-उजवीकडे हलवले तर गालाची कातडी सोबत हलावी, आणि पट्टा बांधून मागून वर ढकलल्यास ते डोक्यावरून निसटू नये. मग ते निदान अर्धा तास डोक्यावर ठेवून बसावे. कपाळावर एका ठिकाणी लाल वळ उठला तर आकार आपला नाही. मागचे उत्तम दिसते म्हणून सैल किंवा बोचणारे हेल्मेट पत्करणे हा सौदा कोणीही करू नये.

वजनाकडे दुर्लक्ष होते, कारण दुकानात दोन मिनिटे घातल्यावर ते जाणवत नाही. साधे पूर्ण हेल्मेट बहुधा दीड किलोच्या आसपास असते. कॅमेऱ्याचे हेल्मेट त्याहून काहीशे ग्रॅम जड होते. हा वाढीव भार मागच्या बाजूला असेल तर मान तो सतत तोलत राहते. इथे एक पेच आहे आणि तो लपवून उपयोग नाही: मागच्या दृश्याची सर्वांत अधिक गरज ज्यांची मान दुखते त्यांना, आणि जड हेल्मेट सर्वांत कमी सोसते तेही त्यांनाच. अशा चालकांनी दोन तासांच्या फेरीइतका वेळ हेल्मेट डोक्यावर ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि मानेच्या दुखण्यावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना त्या वजनाविषयी विचारावे.

डोक्यावर चढवून काय पाहावे

हेल्मेट पसंत पडले की पुन्हा त्याच मोकळ्या जागेत जावे आणि खडूची चाचणी पुन्हा करावी, पण यावेळी प्रश्न एवढाच: दोन रेघांमधल्या त्या जागेत उभा असलेला मदतनीस हेल्मेटमधल्या दृश्यात दिसतो का? थेट पाठीमागचे दाखवणारे दृश्य पाहायला सुखद असते, मागचा रस्ता लांबवर दिसतो, परंतु ब्लाइंड स्पॉट पाठीमागे नसतो. तो खांद्याच्या रेषेच्या जरासा मागे, बाजूला असतो. तिथला माणूस दिसत नसेल, तर त्या साधनाने आपला मूळ प्रश्न सुटलेला नाही.

दुसरी गोष्ट डावी-उजवीची. मदतनिसाला आपल्या उजव्या बाजूला मागे उभे करावे. आरशात तो उजवीकडेच दिसतो, कारण आरसा तसाच दाखवतो. कॅमेऱ्याचे चित्र मात्र मुद्दाम उलटवले नसेल तर तोच माणूस डावीकडे दिसेल. बाजू उलट दाखवणारे दृश्य संकटाच्या क्षणी चुकीच्या बाजूला गाडी घालायला लावू शकते, आणि ‘सवय होईल’ या भरवशावर ते स्वीकारू नये.

मग डोके हलवून पाहावे. आरसा हँडलला बांधलेला असतो, हेल्मेटचा कॅमेरा डोक्याला. डोके डावीकडे वळले की कॅमेरा मागच्या उजव्या बाजूला पाहू लागतो. वळणावर आपण नजर वळणाच्या आत नेतो, तेव्हा मागचे दृश्यही त्याच क्षणी फिरते आणि ते नेमके कुठल्या दिशेचे आहे हे मनाला नव्याने जुळवावे लागते. टाकीवर ओणवे होऊन चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: डोके पुढे झुकले की कॅमेरा वर आकाशाकडे पाहतो. आपल्या नेहमीच्या बैठकीत क्षितिज दृश्याच्या मध्यावर येते का, हे गाडीवर बसूनच पाहावे.

मागे कोणाला बसवून नेण्याची सवय असेल, तर त्या व्यक्तीला बसवूनच चाचणी घ्यावी. मागे बसलेल्याचे हेल्मेट आपल्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर असते, आणि थेट मागचे दृश्य त्याच्या काचेने आणि हनुवटीने जवळजवळ पूर्ण झाकले जाते. पाठीवरची उंच सॅक आणि जॅकेटची उभी कॉलर हेही तेच करतात. जो चालक रोज कुणाला तरी मागे घेऊन जातो, त्याने या एका कारणासाठीच हा खर्च टाळावा असे मी सुचवेन. बाहेर आलेले आरसे त्याला कितीतरी अधिक दाखवतील.

आता अंतराचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा कॅमेरा १७० अंशांचा पट्टा टिपतो आणि डोळ्यासमोरचा पडदा आपल्या नजरेचे २० अंश व्यापतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट साधारण साडेआठ पटींनी लहान झाली. वीस मीटर मागे असलेली, १.८ मीटर रुंदीची मोटार उघड्या डोळ्याला सुमारे ५ अंश रुंद दिसते. पडद्यावर ती ०.६ अंश दिसेल. हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरली तर तिची रुंदी अंदाजे १ अंश भरते. म्हणजे ती आख्खी मोटार अर्ध्या करंगळीपेक्षा जराशीच मोठी. ती आपल्यापेक्षा ताशी ३० किलोमीटर अधिक वेगाने येत असेल तर अडीच सेकंदांच्या आत आपल्यापर्यंत पोहोचते, आणि पडद्यावर मात्र ती अजून ‘पुष्कळ लांब’ वाटत असते. बहिर्गोल आरशातही वस्तू लहान दिसतात, पण इतक्या नव्हे. म्हणून पडद्यावरच्या दृश्याला एकच प्रश्न विचारावा, ‘तिथे कोणी आहे का?’, आणि ‘किती लांब आहे?’ हा प्रश्न आरशाला व डोळ्यांना विचारावा.

डोळ्यांच्या बाबतीत आणखी थोडे. आपली तीक्ष्ण दृष्टी नजरेच्या मध्याच्या जेमतेम २ अंशांत असते. बाकी सारे आपल्याला पुसट दिसते आणि हालचालीपुरते जाणवते. त्यामुळे ‘मागचे दृश्य सतत डोळ्यांसमोर’ या जाहिरातीच्या वाक्याचा अर्थ, ते सतत दिसते असा होत नाही. पाहायचे तर नजर तिथे न्यावीच लागते. फायदा इतकाच की आरशापर्यंत जाणाऱ्या नजरेपेक्षा हा प्रवास लहान असू शकतो. पडदा डोळ्याजवळ असेल आणि त्याचे चित्र भिंगांनी दूरवर नेलेले नसेल, तर प्रत्येक वेळी डोळ्याला जवळचे आणि पुन्हा लांबचे जुळवावे लागते. चाळिशी ओलांडलेल्यांना हे लगेच जाणवते. चष्मा लावणाऱ्यांनी आपला चालवण्याचा चष्मा घालूनच पाहावे: चष्म्याची वरची दांडी दृश्याच्या आड येते का, आणि दृश्य स्पष्ट दिसण्यासाठी डोके मागे झुकवावे लागते का. डोके झुकवावे लागत असेल, तर ते हेल्मेट आपल्यासाठी नाही.

शक्य असल्यास संध्याकाळी एकदा आणि अंधारात एकदा पाहावे. मागून आलेला प्रखर दिवा पडद्यावर पांढरा डाग होऊन पसरतो का, कॅमेऱ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडल्यावर काय उरते, हे दोन मिनिटांत कळते. पावसात मागच्या चाकाने उडवलेला चिखलाचा तुषार मागेच येतो, आणि हेल्मेटच्या पाठीवरची काच चालवताना पुसता येत नाही.

बॅटरी, बिघाड आणि कंपनीचे आयुष्य

निव्वळ आरशांच्या हेल्मेटला हा भाग लागू नाही. कॅमेऱ्याच्या हेल्मेटमध्ये बॅटरी संपल्यावर काय होते हे विक्रेत्याकडून ऐकू नये, करून पाहावे: पडदा पूर्ण काळा किंवा पारदर्शक झाला तर ठीक, पण शेवटचे चित्र तसेच अडकून राहिले तर ते धोकादायक आहे, कारण मोकळा रस्ता दाखवणारे अडकलेले चित्र खोटी ग्वाही देते. चित्र दशांश सेकंद उशिरा येते म्हणून फार काळजी करू नये. वर सांगितलेल्या मोटारीच्या बाबतीत तेवढ्या वेळात एक मीटरचाही फरक पडत नाही. अडकणे मात्र क्षम्य नाही. निघण्यापूर्वी हेल्मेटमागे हात हलवून पडद्यावर तो हलताना दिसतो का, हे रोज तपासावे.

मोबाइल ॲपशिवाय मागचे दृश्य चालू होते का, हेही विचारून ठेवावे. हेल्मेट साधारणपणे पाच वर्षांनी आणि जोरदार धडकेनंतर लगेच बदलावे असे उत्पादक सांगतात, आणि ॲप बनवणारी कंपनी तेवढी टिकेलच असे नाही. स्कलीचे उदाहरण वर आलेच आहे. हेल्मेट पडून आपटले, तर आतला थर निकामी झाला असला तरी कॅमेरा चालूच राहू शकतो. महागड्या हेल्मेटच्या बाबतीत हा मोह मोठा असतो. ‘चित्र तर येतेय’ म्हणून धडक बसलेले हेल्मेट वापरत राहू नये. घेतानाच, धडकेनंतर ते टाकून देण्याची आपली तयारी आहे का, हे मनाशी ठरवावे.

पैसे दुसरीकडे घालावेत का

बहुतेकांसाठी हो. चांगले बसणारे, प्रमाणित हेल्मेट आणि नीट लावलेले आरसे आधी यावेत. उरलेले पैसे एखाद्या प्रशिक्षकाबरोबर ब्रेक आणि वळणांच्या सरावावर खर्च केले, तर समोरून येणाऱ्या धोक्यांवर थेट उपाय होतो. मागच्या बाजूसाठी गाडीवरच बसवलेली साधने मला हेल्मेटमधल्यांपेक्षा अधिक पटतात, कारण ती डोक्याबरोबर फिरत नाहीत आणि मानेवर भार टाकत नाहीत. डुकाटीने २०२० मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही४ ही पुढे व मागे रडार असलेली दुचाकी आणली. मागचे रडार ब्लाइंड स्पॉटमध्ये वाहन आल्यावर आरशाजवळचा दिवा लावते. चालकाला काही पाहून अर्थ लावावा लागत नाही, तो फक्त दिवा पाहतो. अशी गाडी प्रत्येकाला घेता येणार नाही, परंतु हेल्मेटच्या पडद्याशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मान वळत नसलेल्यांना मात्र मी वेगळे सांगेन. त्यांच्यासाठी हेल्मेटमधले रुंद दृश्य हे चैनीचे साधन नाही, दुचाकी सोडावी लागणे आणि ती चालवत राहता येणे यांमधला तो फरक असू शकतो. त्यांनी वरच्या सगळ्या चाचण्या चिकाटीने कराव्यात, आणि बाहेर काढलेल्या बहिर्गोल आरशांसोबत हे हेल्मेट वापरून पाहावे.

घेतल्यानंतरचे पहिले दिवस

पहिले काही दिवस ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावरच चालवावे, आणि त्या काळात मागच्या दृश्यावर एकही निर्णय घेऊ नये. नेहमीसारखे आरशात पाहावे, खांद्यावरून नजर टाकावी, आणि त्यानंतर हेल्मेटच्या दृश्यात तेच दिसते का ते ताडून पाहावे. आरशातली मोटार आणि पडद्यावरची मोटार यांची अशी जोडी लावत गेले की पडद्यावरचा कोणता आकार म्हणजे किती अंतर, हे हळूहळू अंगवळणी पडते. नव्या गोष्टीकडे नजर वारंवार खेचली जात असेल आणि पडदा बंद करता येत असेल, तर गर्दीत तो बंद ठेवावा. गाडीचे आरसे मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत. हेल्मेटमधले दृश्य कायद्याने त्यांची जागा घेत नाही.

सिग्नलला थांबताना हे साधन खरोखर कामी येते, म्हणून त्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी. पुढच्या वाहनामागे निदान एका मोटारीएवढी जागा सोडून, किंचित एका बाजूला थांबावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, बाहेर पडण्याची वाट कोणत्या बाजूने आहे ते ठरलेले. नजर मागच्या दृश्यावर ठेवावी, मागून येणाऱ्या वाहनाचे नाक आणि दिवे खाली झुकतात का ते पाहावे, कारण ब्रेक लागला की वाहन पुढे झुकते. मध्येच एकदोनदा ब्रेक हलकेच दाबून आपला मागचा दिवा उघडझाप करावा. ते वाहन आपल्या मागे पूर्ण थांबले, आणि त्याच्यामागे आणखी एक येऊन थांबले, की मग गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन नजर सिग्नलकडे न्यावी.